टीका झाली की कपाळाला आठी पडते, तेव्हा…

आज एक अरबी शब्द सांगते. 'अबस'. म्हणजे, त्याने कपाळाला आठी घातली. कुराणातल्या ८० व्या सूरेचं हे नाव आणि तिचा पहिला शब्दही हाच. केंद्राच्या शिक्षण परिषदेत 'पालकांच्या टीकेला प्रतिसाद' असा विषय होता. तेव्हा जुन्नरकडच्या एका मुस्लिम शिक्षिकेने ही गोष्ट सांगितली.

मक्केत प्रेषित मुहंमद कुरैश टोळीतल्या बड्या लोकांशी बोलत होते. ही माणसं वळली तर पुढचं काम सोपं होईल, अशी आशा होती. तेवढ्यात अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम नावाचे एक आंधळे गृहस्थ आले आणि मला शिकवा म्हणू लागले. प्रेषितांच्या कपाळाला आठी पडली, त्यांनी तोंड फिरवलं. त्यावर जी वचनं उतरली, ती चक्क कानउघाडणी करणारी आहेत. ज्याला गरजच वाटत नाही त्याच्या मागे लागायचं, आणि जो धावत शिकायला आला त्याला टाळायचं, हे कसं, असा त्यांचा रोख. (शिया परंपरेतले काही भाष्यकार आठी घालणारा माणूस दुसराच होता असं मानतात, तेही त्या बाईंनी आवर्जून सांगितलं.)

मला खरी गंमत वाटते ती पुढेच. त्या आंधळ्या माणसाला आठी दिसलीच नव्हती. तक्रार त्याने केलीच नाही. तरी ती गोष्ट झाकून ठेवली गेली नाही. ज्यांच्यावर टीका, त्यांनीच ती लोकांना ऐकवली आणि नमाजात ती आजही म्हटली जाते. पुढे मदीनेत हेच अब्दुल्लाह बिलाल यांच्यासारखे अजान देत. प्रेषित बाहेर गेले की कधीकधी मदीनेची जबाबदारीही त्यांच्यावर असे.

आता आपल्या वर्गाकडे या. साहेब भेटीला येणार म्हटलं की कोणतं पोर उभं केलं जातं? पुढच्या बाकावरचं, चुणचुणीत. मागचं पोर काही बोलत नाही, त्याचे आईबापही बोलत नाहीत. आमच्या आहुप्यात पावसाळ्यात धुकं इतकं दाट की समोरचा माणूस दिसत नाही. त्यात भातलावणी, मग हिरड्याचा हंगाम. सभेला यायला सवड कुणाला? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं ठरवलं. म्हणजे आपल्याला विचारणं हा त्यांचा हक्कच झाला. पण हक्क कागदावर असला म्हणून मागच्या रांगेतली आजी लगेच तोंड उघडत नाही. तिने उघडलंच, तर आपल्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते ती बरोबर टिपते बरं का!

टीका घरातूनच आली तर जास्त झोंबते. मिरजोळीचे हमीद दलवाई आठवा. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा त्यांनी काढला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. पुढे २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. समाजातून त्यांना मोठा विरोध झाला. बाईंना त्यांचं सगळं पटत नाही. पण त्या म्हणाल्या, "उत्तर मुद्द्याला द्यायचं. माणसाला शिव्या घालणं आमच्याच कुराणात बसत नाही." ४९ व्या सूरेत टोपणनावं ठेवू नका, कुणाची पाठीमागे निंदा करू नका आणि आलेली बातमी आधी पडताळा, असं बजावलं आहे. आपल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर हे चिकटवून ठेवावं असं मला फार वाटतं!

त्यांच्यावरही वेळ आली होती. वर्गात ईदची गोष्ट सांगितली म्हणून एका पालकाने गटावर लिहिलं, "शाळेत धर्म शिकवता काय?" बाकीच्यांनी हसण्याच्या बाहुल्या टाकल्या. बाईंनी गटावर एक अक्षर लिहिलं नाही. संध्याकाळी दिवाळीची आणि ईदची, अशा दोन्ही गोष्टींच्या टाचणाची वही घेऊन त्या घरी गेल्या. म्हणाल्या, "भाऊ, उद्या वर्गात येऊन बसा."

तो आला. दोन तास मागच्या बाकावर बसला. जाताना म्हणाला, "गोष्टीत काही वावगं नाय. पण मॅडम, तुम्ही लई भरभर बोलता. माझ्या पोरीला निम्मं कळत नसणार."

गटावर त्याने माफी वगैरे काही मागितली नाही. बाईंनी मात्र त्या दिवसापासून प्रत्येक वाक्यानंतर थांबायला सुरुवात केली. परिषदेत बोलतानाही त्या थांबत होत्या.