"लक्ष द्यायचं म्हणजे काय करायचं, सर?"



"लक्ष दे", "मन एकाग्र कर", "टेन्शन घेऊ नकोस". परीक्षा जवळ आल्या की ही वाक्यं घराघरांत आणि वर्गावर्गांत ऐकू येतात. गणित कसं सोडवायचं हे आपण पायरीपायरीने शिकवतो. निबंधाचे मुद्दे फळ्यावर काढून देतो. पण मन एकाग्र करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र आपण शिकवत नाही. ते मुलाला आपोआप येतं असं धरून चालतो.

या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मला गेल्या वर्षभरात एका अशा खेळाने दिलं, जो मी स्वतः कधी खेळलेलो नाही. तो खेळ म्हणजे गोल्फ.

मी पुण्यातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. नववीच्या वर्गाला 'माझा आवडता खेळ' हा नेहमीचा निबंध दिला होता. चाळीसेक वह्यांमध्ये क्रिकेट, कबड्डी, खो-खो आणि एका वहीत गोल्फ! त्या मुलाचे वडील गोल्फच्या मैदानावर कॅडी आहेत. खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहायची, चेंडू शोधायचा, अंतर सांगायचं, हे त्यांचं काम. वडिलांच्या मागे हिंडता हिंडता पोरगा खेळायला शिकला. त्याने लिहिलं होतं, "क्रिकेटमध्ये चेंडू आपल्याकडे येतो. गोल्फमध्ये चेंडू आपली वाट बघत बसतो. म्हणून गोल्फ जास्त अवघड आहे."

किती खरं आहे बघा. वेगवान गोलंदाजाचा चेंडू फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. तिथे घाबरायलाही सवड नसते. गोल्फच्या मैदानावर अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे अठरा खळगे असतात, आणि चांगल्या खेळाडूने ते साधारण ७२ फटक्यांत पुरे करावेत अशी अपेक्षा असते. काठी मागे नेऊन फटका मारायला दोन सेकंदही लागत नाहीत. हिशेब करा, ७२ गुणिले २ म्हणजे १४४ सेकंद. अडीच मिनिटंसुद्धा नाहीत. आणि पूर्ण फेरीला लागतात चार तास! बाकी सगळा वेळ चालायचं, थांबायचं आणि विचार करायचा. त्या मोकळ्या वेळात मन काय काय उद्योग करतं ते वेगळं सांगायला नको.

हे मोठमोठ्या खेळाडूंनाही चुकलेलं नाही. उत्तर आयर्लंडचा रोरी मॅकिलरॉय २०११ च्या मास्टर्स स्पर्धेत शेवटच्या दिवशी चार फटक्यांनी आघाडीवर होता. वय अवघं २१. दहाव्या होलवर पहिलाच फटका भलतीकडे गेला, तिथे सात फटके लागले आणि मग सगळंच विस्कटत गेलं. दिवसाअखेर त्याचे ८० फटके झाले. आदल्या तीन दिवसांत ज्या हातांनी आघाडी मिळवून दिली होती, तेच हात, त्याच काठ्या. बिघडलं ते दुसरंच काहीतरी होतं.

आमच्या मुलाचंही असंच झालं. कनिष्ठ गटाच्या एका स्पर्धेत शेवटच्या होलवर दोन फुटांचा पट राहिला होता. पट म्हणजे हिरवळीवर चेंडू हळूच ढकलून होलमध्ये घालण्याचा फटका. तो हुकला. एका फटक्याने पुढची फेरी गेली. आठ दिवसांनी त्याचे बाबा शाळेत आले. "सर, पोरगं मैदानावर यायचं नाव घेत नाही. दोन फुटांचा पट तो झोपेतसुद्धा घालतो. तुमचं ऐकतो, तुम्ही जरा बोला."

बाबांच्या सांगण्यामागे बरंच काही होतं. कॅडीच्या घरात गोल्फ हा नुसता छंद नसतो. अली शेर कॅडी म्हणून या खेळात आले आणि १९९१ मध्ये त्यांनी इंडियन ओपन जिंकली, ही गोष्ट देशातल्या कॅडींना माहीत असते. पोराने खेळ सोडला तर एक दार बंद होणार होतं.

मी मुलाशी बोललो. तो म्हणाला, "सगळे म्हणतात लक्ष दे. लक्षच देत होतो ना सर! मनगट वळतंय का, काठी सरळ जातेय का, सगळ्याकडे लक्ष होतं. अजून लक्ष द्यायचं म्हणजे काय करायचं, सर?"

या प्रश्नाने मला वाचायला लावलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सायन बेलॉक यांनी गोल्फच्या पटिंगवर प्रयोग केले आहेत. नवशिक्या खेळाडूला आपल्या हालचालींकडे लक्ष द्यायला सांगितलं तर त्याचा फायदा होतो. पण ज्याच्या हातात खेळ मुरलेला आहे, त्याने फटका मारताना हाताकडेच लक्ष दिलं तर खेळ बिघडतो. आपण जिना उतरतो तेव्हा पावलांचा विचार करत नाही. पुढचं पाऊल कुठे पडतंय असं बघत उतरायला लागलो की अडखळतो. तसंच हे. म्हणजे आमच्या मुलाचं लक्ष कमी पडलं नव्हतं, ते चुकीच्या जागी गेलं होतं.

मग ते योग्य जागी कसं न्यायचं? इथे माझ्यापेक्षा त्याच्या बाबांनाच जास्त माहिती होती. वीस वर्षं पिशवी घेऊन ते खेळाडूंच्या मागे उभे राहिले आहेत. ते म्हणाले, "सर, चांगला खेळाडू दर फटक्याआधी तेच तेच करतो. मागे उभा राहणार, लांब बघणार, एकदा काठी हवेत फिरवणार, श्वास सोडणार, मारणार. मला पाठ झालंय." आम्ही तिघांनी मिळून मुलासाठी चार गोष्टी ठरवल्या.

पहिली गोष्ट, विचार आणि फटका वेगवेगळे ठेवायचे. स्वीडनच्या प्रशिक्षक पिया निल्सन आणि अमेरिकेच्या लिन मॅरिअट हेच शिकवतात. चेंडूच्या मागे एक काल्पनिक रेघ आहे असं समजायचं. रेघेच्या अलीकडे हवा तेवढा विचार करा: वारा, उतार, अंतर, कुठली काठी. निर्णय झाला की रेघ ओलांडायची. पलीकडे विचार नाही, फक्त फटका. शंका आली तर परत मागे यायचं. निल्सन यांच्या हाताखाली तयार झालेल्या आनिका सोरेनस्टामने २००१ मध्ये एका फेरीत ५९ फटके नोंदवले. महिला व्यावसायिक गोल्फमधली ती पहिलीच ५९ ची फेरी होती. आम्ही सुरुवातीला खरोखरच काठीने मातीत रेघ ओढायचो.

दुसरी, नजर. कॅनडाच्या संशोधक जोन विकर्स यांना असं दिसलं की, चांगले खेळाडू पट मारण्याआधी दोन-तीन सेकंद चेंडूवर एकाच जागी नजर स्थिर ठेवतात आणि फटका मारल्यावरही क्षणभर ती हलवत नाहीत. बाकीच्यांची नजर चेंडू, होल, काठी अशी भिरभिरत राहते. "लक्ष दे" यापेक्षा "चेंडूवरच्या या ठिपक्याकडे बघ" ही सूचना किती सोपी! मुलाला ती लगेच पाळता येते.

तिसरी, मुद्दाम दडपण आणून सराव करायचा. होलभोवती दहा चेंडू मांडायचे आणि सलग दहा घालायचे. नववा हुकला तर पुन्हा एकपासून सुरू. पहिल्या पाच पटांना काहीच वाटत नाही, नवव्याला हात थरथरतो. सराव खरं तर त्या थरथरण्याचाच असतो. टायगर वुड्स लहान असताना त्याचे वडील तो फटका मारत असताना मुद्दाम खिशातली नाणी वाजवायचे. आमच्याकडे हे काम धाकट्या बहिणीने आनंदाने केलं!

चौथी, दहा पावलं. फटका वाईट गेला तर चिडायचं, हळहळायचं, पण दहा पावलं चालेपर्यंतच. अकराव्या पावलाला झाडं बघायची, पाणी प्यायचं. चार तास सलग एकाग्र राहणं कुणालाच जमत नाही. मन सोडून देणं आणि हवं तेव्हा परत बोलावणं, हे दोन्ही शिकावं लागतं.

यात माझी स्वतःची भर एवढीच की, मी त्याला एक वही करायला लावली. प्रत्येक फटक्याला एक खूण. चेंडू कुठे गेला यासाठी नाही, ठरलेला क्रम पूर्ण पाळला का यासाठी.

काही महिन्यांनी तो पुन्हा एका स्पर्धेत उतरला. नाही, जिंकला वगैरे नाही. मधल्या क्रमांकावर राहिला. ८३ फटके झाले होते. पण सोमवारी शाळेत आल्यावर त्याने आधी वही दाखवली. ८३ पैकी ६१ ठिकाणी खूण होती. "चौथ्या होलवर छोटा पट हुकला सर, पण पाचव्यावर सगळ्या खुणा आहेत," तो म्हणाला. मला त्याच्या क्रमांकापेक्षा हे वाक्य मोठं वाटलं. तो आजही खेळतो आहे.

आता वर्गाबद्दल. पाठांतर चोख असूनही तोंडी परीक्षेत गप्प होणारी मुलं आपल्या प्रत्येकाच्या वर्गात असतात. मी त्यांच्यासाठी हेच थोडं बदलून वापरतो. बोलायला उठण्याआधी ठरलेला क्रम: दोन्ही पाय टेकव, समोरच्या भिंतीवरच्या एका जागी बघ, श्वास सोड, पहिलं वाक्य म्हण. आठवड्यातून एकदा दुसऱ्या वर्गातली मुलं बोलावून त्यांच्यासमोर सादरीकरण. लेखी परीक्षेत प्रश्न वाचून दोन मुद्दे कच्चे लिहायचे, मग रेघ ओलांडायची आणि लिहीत सुटायचं. पेपर संपल्यावर 'तुझं काय उत्तर आलं' ही चर्चा शाळेच्या फाटकापर्यंतच. सगळ्यांना सारखाच फायदा झाला असं म्हणणार नाही. पण "मी भित्राच आहे" असं म्हणणारी दोन-तीन मुलं आता "माझा क्रम चुकला" असं म्हणतात. भित्रेपणाचं काय करायचं ते मुलाला कळत नाही, क्रम मात्र सुधारता येतो.

एक सावधगिरीची सूचना. मनाचा सराव हा हाताच्या सरावाला पर्याय नाही. ज्याला पट मारताच येत नाही, त्याला श्वास सोडून काही होणार नाही. ज्याने धडा वाचलेलाच नाही त्याचंही तेच. आणि एखादं मूल घरच्या मारामुळे किंवा सततच्या भीतीमुळे गोठत असेल, तर त्याला युक्त्या देत बसू नये. तिथे आधी मोठ्यांनी सुधारायला हवं, गरज असेल तर समुपदेशकाची मदत घ्यायला हवी.

मॅकिलरॉयचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दोनच महिन्यांनी त्याने यूएस ओपन आठ फटक्यांच्या फरकाने जिंकली. जिथे तो कोसळला होता ती मास्टर्स जिंकायला मात्र २०२५ उजाडलं. मधली चौदा वर्षं तो दर वर्षी त्याच प्रश्नाला तोंड देत राहिला. आपण मुलाला किती दिवस देतो? एका चाचणीपासून दुसऱ्या चाचणीपर्यंत!

पालकहो, यापुढे मूल परीक्षेहून किंवा सामन्याहून घरी आलं की "किती मिळाले?" हा प्रश्न थोडा मागे ठेवून बघा. आधी विचारा, "ठरवलेलं सगळं केलंस का?" आणि शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गात अशा मुलांसाठी तुम्ही काय करता, ते जरूर कळवा. मला माझ्या वर्गात करून बघायचं आहे.