सपाट करा

बरेच दिवसांनी लिहितोय. निमित्त लेकीचं.

परवा रात्री ती 'सिटीज: स्कायलाइन्स' खेळत बसली होती. डोंगराच्या उतारावर तिने रस्ता ओढला, कडेने घरं उगवली आणि शेजारशेजारच्या दोन घरांच्या मधोमध जमिनीचा एक चमत्कारिक सुळका उभा राहिला. प्रत्येक घर आपापल्यापुरती जमीन सपाट करून घेतं ना, मग उरलेला सगळा उतार बिचारा त्या मधल्या फटीत जमा होतो. लेक वैतागली. म्हणाली, "बाबा, मी हा डोंगरच काढून टाकते." आणि टाकलाही! दोन मिनिटांत सगळं पाटासारखं.

मला वीसेक वर्षांपूर्वीचा मी दिसलो. आणि खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे असलेले माझे बाबा.

ज्यांनी हे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी (म्हणजे आमच्या बहुतेक नातेवाइकांसाठी :) ) थोडं सांगतो. १९८९ साली पहिला 'सिमसिटी' आला तेव्हा त्यातली जमीन अगदी सपाट होती. चढउतार आले ते १९९३ च्या 'सिमसिटी २०००' मध्ये. त्यात उतारावर पाणी टाकलं की धबधबा व्हायचा आणि त्या धबधब्यावरच जलविद्युत केंद्र बांधता यायचं. त्यामुळे लोक विजेसाठी मुद्दाम टेकाडं उभारून त्यांवर धबधबे तयार करायचे. मी या नादाला लागलो तो २००३ साली आलेल्या 'सिमसिटी ४' पासून. त्यात शहराची स्थापना होईपर्यंत तुम्ही देव असता. डोंगर उचला, दऱ्या पाडा, सगळं फुकट. एकदा महापौर झालात की तीच कामं पैसे मोजून, आणि चांगलेच मोजून.

साहजिकच माझी पद्धत ठरलेली होती. देवपण शिल्लक आहे तोवर सगळं सपाट करून घ्यायचं. चौकोनी रस्ते, चौकोनी वस्त्या. शहर भराभर वाढायचं आणि दिसायचं सगळं एकसारखं. चार शहरं झाल्यावर मलाच कंटाळा आला. मग एकदा डोंगर तसाच ठेवून शहर वसवायला घेतलं आणि खरा खेळ तिथे सुरू झाला.

उभ्या चढावर रस्ता सरळ ओढला की तो आपल्यासाठी डोंगर कापत जायचा. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला भराव. इमारत उतारावर आली की तिच्याखाली आपोआप जोत्याची उंच भिंत यायची. फारच उभा उतार असला तर तिथे कोणी घरच बांधायचं नाही. जमीन नुसती राखून ठेवल्यासारखी पडून राहायची. रेल्वेचे नखरे रस्त्यापेक्षा जास्त, तिला चढ अगदी हलका लागायचा. महापौर झाल्यावरची एक युक्तीही आम्हा खेळणाऱ्यांना ठाऊक होती. जिथे जमीन सपाट हवी तिथे रस्ता टाकायचा आणि लगेच पाडून टाकायचा. रस्ता जातो, सपाटी राहते.

ही युक्ती मी बाबांना मोठ्या कौतुकाने दाखवली. बाबांची उभी हयात पाटबंधाऱ्यात गेलेली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ते ठीक आहे. पण पाणी कुठून जाणार?"

"बाबा, यात पाऊस मोजत नाहीत."

"मग सोपंय," म्हणाले आणि चहा ठेवायला गेले.

पण त्यांनाही त्याची गोडी लागली असावी. रेल्वे डोंगरावर चढत नाही म्हणून मी एकदा कुरकुरत होतो, तर त्यांनी बोरघाटाची गोष्ट सांगितली. १८६३ साली तो मार्ग सुरू झाला तेव्हा चढ ३७ फुटांना १ फूट इतका होता. रेल्वेसाठी हा फारच उभा. वर चढताना वळायला जागा नव्हती, म्हणून खंडाळ्याच्या अलीकडे गाडी एका ठिकाणी थांबायची आणि तिथून उलट्या दिशेने पुढे निघायची. हे १९२९ पर्यंत चाललं. "डोंगर हटवता येत नव्हता म्हणून डोकं चालवावं लागलं," बाबा म्हणाले. मी त्या रात्री खेळात रूळ नागमोडी टाकले. गाडी चढली! उतार समजून घेऊन त्याच्या आडवे रस्ते टाकले, ओढ्याची घळ तशीच सोडली, वरच्या आणि खालच्या आळीत फक्त पायवाट ठेवली. माझ्या सगळ्या शहरांत तेच शहर मला अजून घरासारखं आठवतं.

आणि त्याला कारण आहे. आमचं कोकणातलं घर उतारावरच आहे. रस्त्यापासून जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरत येते. मग खळं, मग घर, आणि घराच्या मागे परसदारी पुन्हा चढ. त्या चढावर पणजोबांच्या वेळचे गडगे. नुसते दगडावर दगड रचलेले, मध्ये ना चुना ना सिमेंट. बाजूने पऱ्या. पावसाळ्यात तो खळाळायचा आणि गडग्यांच्या फटीफटीतून पाणी ठिबकत राहायचं. लहानपणी मला वाटायचं की गडगे जुने झालेत म्हणून गळतात.

२०११ साली मी आणि धाकट्याने ठरवलं की गाडी घरापर्यंत यायला हवी. कल्पना माझी. जेसीबी आणला, मागचा चढ कापला, दोन गडगे काढले आणि पाचेक फूट उंचीची काँक्रीटची संरक्षक भिंत बांधली. बाबांनी तोच प्रश्न विचारला. भिंतीत पाणी झिरपायला भोकं ठेवा, मागे खडी भरा, वर चर खणा, असं सगळं सांगितलं. कंत्राटदार म्हणाला, "काय गरज नाही." खर्च वाचत होता, म्हणून मीही तेच म्हटलं.

पुढच्या जुलैत एका दुपारी भिंत गोठ्यावर पडली. भिंतीमागच्या भरावात पाणी साठत गेलं, माती फुगली आणि भिंतीला पुढे ढकलत गेली. गोठ्यात तेव्हा गुरं नव्हती, लाकडं रचलेली असायची. आई दहा मिनिटांपूर्वी तिथून चुलीसाठी लाकडं घेऊन आली होती.

बाबा काही बोलले नाहीत. फावडं घेऊन भर पावसात पऱ्याची वाट मोकळी करायला गेले. ते त्यावर नंतरही कधी बोलले नाहीत. आता बोलायला ते नाहीत. आईच्या त्या दहा मिनिटांबद्दल मी घरात कुणाशीच बोललेलो नाही. आज इथेच पहिल्यांदा लिहितोय.

खेळांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. डोंगर सपाट करण्याची हौस खेळांच्या कितीतरी आधीची. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराने आपली डेनी टेकडी टप्प्याटप्प्याने अशी काढून टाकली की १९३० च्या सुमारास ती नाहीशीच झाली होती. पाण्याचे जोरदार फवारे मारून माती सुटी केली आणि समुद्राच्या खाडीत लोटली. लेकीच्या खेळात तर निदान मातीचा हिशेब आहे. २०१६ मध्ये आलेल्या त्या साधनात खणलेली माती जमा होते आणि भराव घालायचा तर तीच वापरावी लागते. पैशांचाही हिशेब आहे. नदीचं पाणीसुद्धा त्यात छान वाहतं, धरण चुकीच्या जागी बांधलं तर शहर बुडतं. नाही तो फक्त मुरणाऱ्या पावसाचा हिशेब. कापलेल्या दरडीखाली शाळा बांधा, दवाखाना बांधा, शंभर पावसाळे गेले तरी ती दरड खाली येत नाही. त्यामुळे खेळणाऱ्याला उतार म्हणजे नुसती अडचण वाटते. उतार काहीतरी काम करतोय हे कळायला माझी भिंत पडावी लागली.

आता मुद्द्याचं. नातेवाईक मंडळी, हे खास तुमच्यासाठी. दादाच्या मनात परसदारचा वरचा चढ कापून तिथे पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायचं आहे, आणि गणपतीत सगळे जमलो की ते ठरणार आहे. दादा, माझा विरोध खोल्यांना नाही. घर नांदतं राहायला हवं आणि त्याला पैसे लागतात, हे मलाही कळतं. पण खोल्या पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाऊ देत. एक सपाट पट्टा कापायला नको. उरलेले तीन गडगे आणि पऱ्या यांना हात लावायला नको. गणपतीपर्यंत पावसाचा जोर ओसरलेला असतो, तेव्हा तो चढ फार गरीब दिसतो. म्हणून जुलैत दोन दिवस माझ्याबरोबर येऊन राहा. छत्री घेऊन परसदारी उभे राहू आणि पाणी कुठून कुठे जातं ते नुसतं बघू. मग जे ठरेल ते मला मान्य.

लेकीलाही नेणार आहे. परवा तिने डोंगर काढल्यावर मी मागे उभा राहून नकळत तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "कसलं पाणी?"

असो. भिंतीचे तुकडे अजून गोठ्याच्या कडेला पडलेत. तिला आधी ते दाखवेन.