आठ चोक बत्तीस

काउंटरवरच्या मुलीने माझ्या पोटाकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. म्हणाली, "मॅडम, हे सर्टिफिकेट मंगळवारचं आहे. आज शनिवार."

"हो, मग?" मी म्हटलं. आजही तो "मग?" आठवला की कानशिलं तापतात.

मी बंगळूरला नोकरी करते, माहेर गडचिरोलीचं. पहिलं बाळंतपण माहेरी, यावर दोन्ही घरांत बोलणंसुद्धा झालं नाही. जायचं कधी, एवढंच ठरायचं होतं. सातव्यात डोहाळजेवणाला आई-बाबा बंगळूरला आले, तेव्हाच आई मला सोबत न्यायला तयार होती. मी नाही म्हटलं, कारण रजा. २०१७ च्या दुरुस्तीपासून मातृत्वाची रजा २६ आठवड्यांची झाली, पण त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. आधी जितके कमी दिवस खर्च होतील तितके पुढे बाळासोबत मिळतील, असा माझा हिशेब होता. घरून काम करू द्या म्हणून साहेबांना विचारायला हवं होतं. विचारलंच नाही.

सातवा गेला की आठवा, आणि आठव्याला आईचा लाल कंदील. "आठव्यात वेस नको ओलांडू माय. नववा लागला का येजो." सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आमच्याकडच्या बायका छातीठोकपणे सांगतात. हे साफ चूक आहे. मूल पोटात जितकं जास्त वाढेल तितकं ते सशक्त. पण मी वाद घातला नाही. आईचा नियम माझ्या रजेच्या हिशेबात चपखल बसत होता. नववा लागून आठवडा होईल असा एक शनिवार पाहिला आणि दोन महिने आधीच स्वस्तातलं, पैसे परत न मिळणारं तिकीट काढून टाकलं.

विमान कंपन्यांचे नियम मी वाचले होते, तेवढं श्रेय मला द्या. आपल्याकडे साधारणपणे ३२ आठवड्यांपर्यंत कोणी कागद मागत नाही. त्यानंतर प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, आणि ३५-३६ आठवड्यांनंतर विमानात घेतच नाहीत. जुळं असेल तर ही सीमा आणखी अलीकडे येते. मग मी मनात पाढा म्हटला. आठ महिने पूर्ण म्हणजे आठ चोक बत्तीस, वर एक आठवडा, तेहतीस. भरपूर सवड!

ऑफिसात मी पगारपत्रकं करते. चार आठवड्यांचा महिना वर्षात एकच असतो, फेब्रुवारी, आणि तोही लीप वर्षात चुकतो, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आठ महिने म्हणजे सुमारे २४३ दिवस, ३५ आठवड्यांना दोन कमी. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजतात. आपल्या आज्यांचे नऊ महिने नऊ दिवस त्याच्या किती जवळ जातात बघा, फरक दोन-चार दिवसांचा. म्हणजे आजीचं गणित बरोबर होतं, आईचं बरोबर होतं, पाढा तेवढा माझा चुकला. सोनोग्राफीच्या प्रत्येक कागदावर आठवडे आणि दिवस छापलेले होते. मी त्या कागदांत फक्त नाक शोधत बसले.

मंगळवारी डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिलं, त्यावर "३५ आठवडे १ दिवस" असं वाचलं आणि पोटात गोळा आला. तरी म्हटलं, ३६ च्या आत आहोत, निभावलं. नियमांखालचा बारीक मजकूर वाचला नाही. माझ्या विमान कंपनीला ते प्रमाणपत्र प्रवासाच्या आधी तीन दिवसांच्या आतलं हवं होतं. माझं चार दिवसांचं. माझे डॉक्टर सोमवारी भेटणार होते, आणि सोमवारी मला ३६ आठवडे पूर्ण होत होते. त्या मुलीने बोटांवर मोजून हे मला सांगितलं. तिचं काही चुकलं नव्हतं. तरी नवरा तिच्याशी भांडला.

आता खरं तर घरी परतायचं आणि बंगळूरलाच बाळंत व्हायचं, हा शहाणपणाचा मार्ग होता. डॉक्टरांनी फोनवर तेच सांगितलं. मी रडत टॅक्सीत बसले आणि दहा वाजता, तत्काळची खिडकी उघडताच, नवऱ्याने दुसऱ्या दिवशीच्या गाडीत दोन बर्थ धरले. पहिल्या चुकीवर दुसरी. विमानाने ज्या अवस्थेत नेलं नाही, त्याच अवस्थेत मी जवळजवळ वीस तास रेल्वेच्या हादऱ्यांत काढले, डब्यात डॉक्टर नाही, मधली स्टेशनं अनोळखी. रात्रभर पोट मधूनमधून दगडासारखं घट्ट व्हायचं आणि मी घड्याळ बघायचे. ३६ आठवडे मी पूर्ण केले ते चालत्या गाडीत, तेलंगणातल्या कुठल्याशा अंधारात.

पण त्या रात्री एक गोष्ट कळली. ही गाडी बल्लारशाला थांबते, म्हणजे आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात. विमान मला आमच्या डोक्यावरून नागपूरला नेणार, आणि तिथून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत मी चार तास रस्त्याने उलटी येणार. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, पण आपल्यासारख्यांचं विमान तिथे उतरत नाही. पावणेदोन तासांच्या उड्डाणाची काळजी मी दोन महिने केली, त्या चार तासांचा विचार एकदाही केला नाही. भाद्रपदाचे दिवस. पाल नदी फुगली की आरमोरीचा रस्ता बंद होतो, हे गडचिरोलीच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मला बंगळूरला राहून त्याचा विसर पडला होता.

पहाटे बल्लारशाला बाबा उभे होते. मूल गावच्या रस्त्यावरच्या जंगलातून गाडी हळू चालली होती, माझ्यामुळे कमी आणि वाघामुळे जास्त. व्याहाडनंतर वैनगंगेचा पूल आला, तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले. "झालं आता."

झालं नव्हतं. विम्याचं राहिलं होतं. तिकीट काढताना काही शे रुपयांचा प्रवास विमा मी खूण करून घेतला होता, आणि गर्भारपणात आपण किती दक्ष असतो म्हणून स्वतःवर खूश झाले होते. आता अटी उघडल्या. बॅग हरवणं, उड्डाण रद्द होणं, अपघात, सगळं होतं. गर्भारपण आणि बाळंतपण वगळलेल्या गोष्टींत. ज्या एका कारणासाठी मी तो घेतला, तेवढं एकच कारण त्यात बसत नव्हतं. तरी दावा केला.

ऑफिसच्या गटविम्यात बाळंतपणाचे पन्नास हजार होते, ही जमेची बाजू. एकट्याने काढलेल्या पॉलिसीत त्यासाठी नऊ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत थांबावं लागतं. पण रोख न भरता दाखल करून घेणारी यादीतली रुग्णालयं नागपूरला, चंद्रपूरला. घराजवळच्या छोट्या प्रसूतिगृहात गेलं तर आधी पैसे भरा, मग मूळ बिलं पाठवा. तिथेही आधी रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक बघतात. तो नसेल तर खाटा मोजतात, दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात निदान दहा हव्यात. हे मी माहेरी पोचल्यावर, नवव्या महिन्यात, फोनवर ताटकळत शिकले.

कळा सुरू झाल्या त्या रात्री बाबांनी प्रश्नच मिटवला आणि सरळ सरकारी महिला व बाल रुग्णालयात नेलं. बाजूच्या खाटेवर भामरागडकडची एक माडिया मुलगी होती. पर्लकोटा नदीवरचा पूल बुडायच्या आत आशाताईंनी तिला तिच्या गावाहून आणून आरोग्य केंद्राच्या माहेरघरात ठेवलं होतं. दिवस जवळ आलेल्या बायकांना आधीच येऊन राहता यावं, म्हणून ही सोय आहे. तिथून तिला इकडे पाठवलं. घरून येऊन किती दिवस झाले, मी विचारलं. तिने बोटं दाखवली, दहा. मी स्वतः किती दिवस आधी पोचले, ते तिला सांगितलं नाही.

मुलगी झाली. बारशाच्या दिवशी प्रवास विम्याचं उत्तर आलं: दावा नामंजूर. तिकिटाचे विमानतळ शुल्क आणि कर तेवढे परत मिळाले.

नोकरी बंगळूरला आणि माहेर आमच्यासारखं रानातलं असेल, तर साहेबांना आधीच विचारा, पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी पहिली वाचा, आणि डोहाळजेवण झालं की त्याच आठवड्यात निघा. आठव्याचं काय, ते तुमच्या आईला मी सांगते.