गव्हाच्या गाडीमागे

अमेरिकेतल्या स्क्रँटनच्या एका फाटकापाशी सकाळी सकाळी सात-आठ मोटारी उभ्या होत्या आणि त्यांतल्या एकीलाही पलीकडे जायचं नव्हतं. माणसं उतरून रुळांच्या दिशेनं कान लावून उभी. कुणाच्या गळ्यात हातभर भिंगाचा कॅमेरा, कुणाच्या हातात ड्रायव्हर आणि यार्ड यांचं बोलणं ऐकवणारं यंत्र. पांढऱ्या मिशीचे एक आजोबा घडीची खुर्ची मांडून बसलेले, शेजारी बापाबरोबर आलेली एक शाळकरी मुलगी. एवढे सगळे वाट कुणाची बघत होते? गव्हाच्या मालगाडीची!

आदल्या रात्री भाचीचा नवरा एवढंच म्हणाला होता, ‘मामा, उद्या लवकर उठा, तुम्हाला आवडेल असं काहीतरी दाखवतो.’ आम्ही जालन्याची माणसं. गावाचं पोट मालगाडीवर चालतं. खत, सिमेंट, धान्य सगळं मालधक्क्यावर उतरतं. पण तिच्याकडे बघत उभं राहतात ती फक्त लहान पोरं, डबे मोजायला. मोठी माणसं फाटक कधी उघडतंय ते बघतात.

ही गाडी डेलावेअर-लॅकवॉना रेल्वेची. कंपनी छोटी, स्थानिक. अशा कंपन्यांना अमेरिकेत शॉर्टलाइन म्हणतात आणि त्या देशभरात सहाशेच्या घरात आहेत. १९८० च्या कायद्यानं मोठ्या रेल्वे कंपन्यांना न परवडणारे फाटे सोडून देणं सोपं झालं, आणि त्यांतले कितीतरी या छोट्यांनी उचलले. इथले रूळ मूळचे डेलावेअर, लॅकवॉना अँड वेस्टर्न या बड्या रेल्वेचे. ती १९६० मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, १९७६ मध्ये सगळंच कॉनरेल या कंपनीकडे गेलं, आणि कॉनरेलला या मार्गाचं ओझं वाटू लागलं. तेव्हा इथल्या जिल्ह्यांनी सार्वजनिक प्राधिकरण उभारून रूळ वाचवले. १९९३ पासून त्यांवर ही कंपनी गाड्या चालवते. रूळ उखडून भंगारात गेले असते तर पोकोनो समिटच्या पिठाच्या गिरणीला आज रेल्वेनं गहू मिळाला नसता, हे इथल्या माणसांना पक्कं ठाऊक आहे. या गाडीवर त्यांचा एवढा जीव का, याचं मूळ मला तिथेच दिसलं.

गाडी दिसण्याआधी ऐकू आली आणि मी जागच्या जागी थबकलो. हा आवाज माझ्या ओळखीचा होता! तीच घोगरी, अडखळल्यासारखी धडधड. वेग घेताना तोच काळाकुट्ट धूर. फाटकाशी दोन लांब, एक आखूड, एक लांब अशी शिट्टी झाली आणि तीन इंजिनं समोरून गेली. तिन्ही ॲल्को या कंपनीची. पोटात २५१ जातीचं डिझेल इंजिन. आमच्याकडे १९९० च्या दशकात ब्रॉडगेज आली, त्यानंतर देवगिरी आणि नंदीग्राम एक्सप्रेस ओढणाऱ्या डिझेल इंजिनांच्या पोटातही हेच होतं. ॲल्कोचा स्कनेक्टडीचा कारखाना १९६९ मध्ये बंद पडला, पण वाराणसीत १९६४ पासून हीच जात बनत होती आणि पुढेही कित्येक वर्षं बनत राहिली. धूर का निघतो तेही तिथे एकानं समजावलं: ड्रायव्हर खटका पुढे ओढतो तेव्हा तेल लगेच वाढतं, हवा कोंबणारा टर्बो मात्र वेग घ्यायला वेळ लावतो. तेवढ्या क्षणात अर्धवट जळालेलं तेल आभाळात जातं. जालना स्टेशनात तो धूर मी आयुष्यभर नाकात घेतला. कारण कळलं ते स्क्रँटनला.

शेवटचा डबा गेला. त्यावर गार्ड नाही, नुसता लुकलुकता दिवा. तो नजरेआड होण्याआधीच सगळे मोटारींकडे धावले. पोकोनोचा चढ हजार फुटांहून जास्त आहे, तिथे गाडी रांगते आणि रस्त्यानं तिला गाठता येतं. मॉस्को नावाचं गाव, मग गोल्ड्सबरो, मग टोबिहॅना. प्रत्येक ठिकाणी तीच मंडळी आमच्या आधी हजर. रेल्वेच्या हद्दीत कुणी पाऊल टाकलं नाही. मुलगी वहीत डब्यांचे नंबर उतरवत होती, आणि तिचा बाप तिला कुठला डबा कुठल्या कंपनीचा ते सांगत होता. ड्रायव्हरनं हात हलवला की सगळे हात हलवत. माझाही हात वर गेला.

पोकोनो समिटच्या पिठाच्या गिरणीपाशी गाडी थांबली. कंडक्टर उतरून चालत गेला, त्यानं कपलिंग सोडलं, आणि गव्हाचे डबे एकेक करून सायडिंगला सरकू लागले. लोखंडावर लोखंड आदळल्याचा तो आवाज डब्याडब्यातून पळत जातो. तो ऐकायला ही माणसं पाऊण तास उन्हात उभी होती, आणि खरं सांगतो, मीही हललो नाही.

मी भारतातून आलोय म्हटल्यावर आजोबा खुर्चीवरून उठलेच. ‘वाराणसीची इंजिनं अजून चालतात?’ आमच्याकडे रुळांवर विजेच्या तारा आल्या, डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई-जालना वंदे भारतही सुरू झाली, हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मग मी त्यांना आमचं गाव सांगितलं: निजामाच्या काळातली मीटरगेज, सळ्यांचे कारखाने, मोंढा, मोसंबी. सळ्या म्हणताच त्यांनी स्क्रँटनच्या दगडी भट्ट्यांची गोष्ट काढली. १८४७ मध्ये तिथल्या लोखंडाचे रूळ एरी रेल्वेसाठी लाटले गेले. त्या भट्ट्या अजून उभ्या आहेत.

आजोबांनी वही काढून बदनापूर, रांजणी, परतूर ही आमच्याकडच्या स्टेशनांची नावं लिहून घेतली आणि विचारलं, ‘ऊन रुळांच्या कुठल्या बाजूनं पडतं?’ मी म्हणालो, ‘दिवाळीनंतर दक्षिणेकडून. तेव्हा कापूस फुटलेला असतो. दक्षिणेच्या बांधावर उभे राहा, मालगाडी मैलभरावरून दिसेल.’