भूक की भीती? अजगरांच्या गावाला एक फेरी

मुलांनो, कुणी तुम्हांला म्हणालं, "या, जिवंत अजगर गळ्यात घालून फोटो काढू या," तर तुम्ही काय कराल? निम्मे जण पुढे धावतील आणि निम्मे आईच्या पाठीमागे लपतील! आज आपण अशाच एका गावाला जाणार आहोत, जिथे हे रोज घडतं. पण फोटोची घाई करू नका. आधी अजगराच्या मनात काय चाललंय, ते ओळखायला शिकू.

आफ्रिकेचा नकाशा उघडा. पश्चिमेला गिनीच्या आखाताजवळ टोगो आणि नायजेरिया या देशांच्या मध्ये एक चिंचोळी उभी पट्टी दिसेल. हा बेनिन देश. १९७५ सालापर्यंत याचं नाव दाहोमे होतं. इथलं सर्वांत मोठं शहर कोतोनू. तिथून समुद्राच्या कडेकडेने पश्चिमेला साधारण चाळीस किलोमीटर गेलं, की वीदा नावाचं जुनं गाव लागतं.

गावाच्या मध्यभागी एक मोठं चर्च आहे आणि त्याच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे, अजगरांचं देऊळ! इथले पुष्कळ लोक वोदून धर्म पाळतात. या धर्मात अजगर पवित्र मानला जातो. फार पूर्वी क्पासे नावाचा राजा शत्रूपासून जीव वाचवण्यासाठी रानात लपला, तेव्हा अजगरांनी त्याचं रक्षण केलं आणि त्यांची आठवण म्हणून राजाने त्यांना घरं बांधून दिली, अशी कथा इथे सांगतात.

देवळाच्या गोल खोलीत डोकावलं, की एकावर एक रेललेले कितीतरी अजगर दिसतात. आपल्याकडच्या अजगरासारखे अवाढव्य मात्र नाहीत हं. बहुतेक तीन-चार फुटांचे, अंगाने जाडसर, काळसर तपकिरी रंगाचे आणि त्यावर सोनेरी ठिपके. ही जात म्हणजे रॉयल पायथन, म्हणजेच शाही अजगर. तो बिनविषारी आहे. काही रात्री या अजगरांना बाहेर मोकळं सोडतात. मग ते उंदरांच्या मागावर गावभर हिंडतात. सकाळी एखादा कुणाच्या घरात सापडला, तर घरची माणसं काठी शोधत नाहीत. त्याला अलगद उचलतात आणि देवळात आणून देतात.

याच अजगराला अमेरिकेत बॉल पायथन म्हणतात. का बरं? तो घाबरला की स्वतःभोवती घट्ट वेटोळं घालतो, डोकं मधोमध लपवतो आणि त्याचा चेंडू होतो! रानात तो उंदीर-घुशींच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत दिवस काढतो. तिथे शत्रू आला तर डोकं वाचवणं सगळ्यांत महत्त्वाचं, नाही का?

आता शिकायची गोष्ट. अजगर दोन कारणांनी झडप घालतो. एक भुकेने आणि दुसरं भीतीने. दोन्ही वेळी त्याची मान इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळलेली असते, म्हणून माणसं फसतात. पण नीट पाहिलं तर फरक कळतो.

भुकेला अजगर पुढे येतो. जीभ लपलप करत वास घेतो. त्याच्या ओठांच्या कडेला बारीक खड्डे असतात. त्यांतून त्याला समोरच्या प्राण्याच्या अंगाची ऊब जाणवते, त्यामुळे अंधारातही नेम चुकत नाही. मग विजेसारखी झडप! उंदीर तोंडात आला, की तो सोडत नाही. उलट भराभर विळखे घालतो. विळख्यात भक्ष्य गुदमरून मरतं, असं पूर्वी मानत. पण २०१५ साली अमेरिकेतल्या स्कॉट बोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अजगरासारख्याच बोआ सापावर अभ्यास केला. विळखा बसताच उंदराच्या शरीरातलं रक्ताभिसरणच काही सेकंदांत कोलमडतं, असं त्यांना आढळलं.

घाबरलेल्या अजगराचं सगळं उलट. तो मागे सरतो, डोकं आखडून घेतो, फुत्कार टाकतो. तरीही कुणी जवळ गेलं, तर एक फटका मारल्यासारखा चावा घेतो आणि लगेच सोडून देतो. विळखा घालत नाही. त्याला तुम्हांला खायचं नसतं. त्याला फक्त "लांब हो" असं सांगायचं असतं.

आता सांगा, माणसाने पाळलेला अजगर मालकालाच का चावतो? पुष्कळदा चूक हाताच्या वासाची असते! उंदराला हात लावून तोच हात पिंजऱ्यात घातला, तर अजगराला वास येतो उंदराचा आणि ऊब जाणवते हाताची. म्हणजे त्याच्या हिशेबाने जेवण आलंच! म्हणून जाणकार लोक हात धुतात, खाऊ लांब चिमट्याने देतात, आणि अजगराला उचलण्यापूर्वी टोकाला वाकवलेल्या काठीने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करतात. "आता जेवण नाही बरं का," हा त्याला दिलेला निरोप. त्याने धरलंच, तर हिसका मारून चालत नाही. त्याचे दात आत वळलेले असतात, त्यामुळे जखम वाढते.

कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधी-निळसर होतात. तेव्हा त्याला धड दिसत नाही आणि तो लवकर दचकतो. पोट भरल्यावर हलवलं, तर खाल्लेलं उलटून टाकतो. मादी अंड्यांभोवती जवळजवळ दोन महिने वेटोळं घालून बसते आणि त्या काळात खात नाही. शाही अजगर कित्येकदा महिनोन् महिने उपाशी राहतो. मग मालक घाबरतात.

आता पुन्हा वीदाच्या देवळात या. पाहुण्याच्या गळ्यात अजगर आहे. तो हलत नाही. "किती माणसाळलाय!" असं पाहुणा म्हणतो. पण न हलणं म्हणजे आनंद, असं कुणी सांगितलं? बिळात लपणाऱ्या प्राण्याला उजेडात, अनोळखी हातांत, लपायला जागाच नसते. काही जण भीतीने पळतात, काही थिजतात. तुम्हीसुद्धा फळ्यापुढे उभे राहिल्यावर कधी थिजता ना? मग बाई म्हणतात का, "हा किती खूश आहे"?

हौसेखातर विकण्यासाठी बेनिन, टोगो आणि घाना या देशांतून आजवर असे लाखो अजगर परदेशी गेले. पुष्कळदा मादी आणि तिची अंडी बिळांतूनच खणून काढतात. परिणामी रानातली त्यांची संख्या घटते आहे, अशी काळजी शास्त्रज्ञांना वाटते.

आपल्या महाराष्ट्रातही अजगर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणं किंवा पाळणं हा गुन्हा आहे. आणि एक अगदी महत्त्वाची सूचना, आईबाबांनीही वाचावी. आपल्याकडची घोणस जाड असते, तिच्या अंगावर साखळीसारखे ठिपके असतात, आणि लोक तिला "अजगराचं पिल्लू" समजून उचलायला जातात. घोणस अत्यंत विषारी आहे! ती भीतीने चावली, तरी तो चावा जीव घेऊ शकतो. म्हणून कुठलाही साप दिसला, की चार पावलं मागे व्हायचं, मोठ्यांना हाक मारायची आणि वनखात्याला किंवा सर्पमित्राला बोलवायचं. साप चावलाच, तर तो कोणता होता याचा विचार करत बसू नका. थेट दवाखाना!

अजगर पाहायची हौस असेल, तर पुण्याजवळ कात्रजला प्राणिसंग्रहालयात सर्पोद्यान आहे. तिथे जा. काचेवर टकटक करू नका. शांत उभे राहा. त्याची जीभ बघा, मान बघा, तो पुढे येतोय की मागे सरतोय ते बघा. आणि शेजारच्या मित्राला हळूच विचारा, "ओळख पाहू, भूक की भीती?"