सुंदर बीच आणि आपली सहल

'जगातले दहा सुंदर बीच' असा एक मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. मालदीव, बोरा बोरा, सिडनीचं बोंडाय. फोटो भारीच आहेत. पण वडीगोद्रीहून समुद्र साडेतीनशे किलोमीटरच्या पुढेच, आणि आपली गाडी जाणार ती हरिहरेश्वर नाहीतर गणपतीपुळ्याला. थंडी पडली की हायवेवरून सहलीच्या एसट्या सुरू होतील, म्हणून हे लिहितोय.

त्या बोंडायवर ६ फेब्रुवारी १९३८ ला सलग मोठ्या लाटा आल्या आणि माणसं आत ओढली गेली. जवळपास अडीचशे जणांना बाहेर काढलं, पाच गेले. कारण जीवरक्षक किनाऱ्यावर हजर होते. तिथं १९०७ पासून त्यांचा क्लब आहे. आजही लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, हा तिथला नियम.

आपल्याकडे १ फेब्रुवारी २०१६. मुरूड. पुण्याहून सहलीला आलेली १४ मुलं-मुली बुडाली.

आपण डाव्या कालव्यात नाहीतर गोदावरीत पोहायला शिकलेली माणसं (शिकलेली म्हणजे काय, ढकलून दिलेली). समुद्राचं पाणी वेगळं. लाटा फुटतात तिथं आपल्याला भीती वाटते, आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत दिसलं की आपण तिथं उतरतो. पण किनाऱ्यावर आलेलं पाणी बहुतेकदा त्याच पट्ट्यातून परत आत जातं. तिथली ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही दमवते. सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून ओढीतून बाहेर पडा, मग या. पोहता येत नसेल तर उताणं तरंगा, हात वर करा. आणि बाहेरच्यांनी मागोमाग उड्या मारू नयेत. रिकामा कॅन, ट्यूब, जे असेल ते फेकावं. वाचवायला गेलेलेच जास्त जातात, अशा बातम्या मी स्वतः लावल्यात.

गोवा सरकारने २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक ठेवलेत. आपल्याकडे श्रीवर्धन, नागाव, पारनाका, गुहागर, लाडघर या पाच किनाऱ्यांना २०२५ मध्ये ब्लू फ्लॅग मिळाला. त्याच्या ३३ निकषांत नुसती स्वच्छता नाही, सुरक्षाही येते. मग शाळेची सहल आधी इथंच का जाऊ नये?

शिक्षणाधिकारी साहेबांना एवढंच मागणं आहे : सहलीच्या परवानगी अर्जात दोन रकाने वाढवा. किनाऱ्यावर जीवरक्षक आहे का? आणि त्या दिवशीची भरती-ओहोटीची वेळ काय?