‘नवे सूत्र’ कोणाच्या चेहऱ्यासाठी?

संपादकांनी दिवाळी अंकासाठी प्रश्न धाडला: रात्री लावायची क्रीम कोणती चांगली? त्वचारोगतज्ज्ञाला हा प्रश्न रोजचाच, पण एका नावात त्याचं उत्तर देता येत नाही. त्वचा कोणाची, गाव कोणतं, महिना कोणता, हे आधी विचारावं लागतं.

इंदापूर तालुक्याच्या टोकाचं, नीरा-भीमेच्या संगमावरचं नरसिंहपूर घ्या. दिवाळी सरली की थंडी पडते, हवा कोरडी होते आणि परिसरात ऊसतोडीची घाई सुरू होते. पाचटाच्या कडांनी गाल-मनगटं ओरबाडलेली, त्यावर कडकडीत पाण्याची अंघोळ आणि भरपूर साबण. अशा त्वचेतून पाणी सतत उडत राहतं, आणि रात्री ते जास्त उडतं. अंथरुणात खाज वाढते त्याचं हे एक कारण. रात्रीच्या क्रीमचं खरं काम इथे आहे.

ते काम तीन तऱ्हांचे घटक करतात. ग्लिसरीन आणि युरिया पाणी धरून ठेवतात, सेरामाइड आणि तेलं पेशींमधल्या फटी भरतात, पेट्रोलियम जेली वरून झाकते. कंपनीने क्रीमचं सूत्र बदललं की बहुधा या तिघांचा मेळ बदलतो. जेली कमी करून डायमेथिकोन वाढवलं तर क्रीम हलकी लागते. मुरुमं येणाऱ्या तेलकट चेहऱ्याला हा बदल मानवतो. रजोनिवृत्तीनंतर तैलग्रंथी मंदावलेल्या गालांना तीच क्रीम अपुरी पडते आणि सकाळी चेहरा ताणल्यासारखा वाटतो. मिश्र त्वचेला कपाळ-नाकावर पातळ हात पुरे, गालांवर जाड. नव्या सूत्रात रेटिनॉल आलं असेल तर नाजूक त्वचा सोलते. गरोदरपणात ते टाळायचंच.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेली त्वचेची वर्गवारी उन्हाने त्वचा किती भाजते यावर आहे. कोरडी की तेलकट, हे ती सांगत नाही. पण आपली गहूवर्णी-सावळी त्वचा तिच्या चौथ्या-पाचव्या प्रकारात येते आणि साध्या जळजळीनंतरही तिच्यावर काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. क्रीम न मानवल्याची किंमत इथे जास्त मोजावी लागते.

नरसिंहपूरच्या एका शिक्षिकेचं प्रकरण म्हणूनच प्रस्तुत लेखिकेच्या मनातून जात नाही. क्रीम वर्षानुवर्षं तीच. नव्या डबीवर ‘नवे सूत्र, पॅराबेन-मुक्त’ असं लिहिलेलं, म्हणून त्यांनी ती मुद्दाम घेतली होती. काही आठवड्यांत पापण्या सुजल्या, गाल लाल झाले. घरात सगळे म्हणत, कंपनी तीच आहे, क्रीमने कसं होईल? पॅच टेस्ट केली. पाठीवर चिकटपट्टीने लहान लहान वाट्यांत संशयित पदार्थ लावायचे, ४८ तासांनी काढून बघायचं आणि ९६ तासांनी पुन्हा. दुसऱ्या तपासणीला एकाच वाटीखाली लाल, पुरळ उठलेला गोल होता. तो पदार्थ होता मेथिलआयसोथायाझोलिनोन, पॅराबेन या जुन्या परिरक्षकाच्या जागी आलेला नवा परिरक्षक.

पॅराबेन नकोसं का झालं, तो वाद नीट सांगायलाच हवा. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्तनाच्या वीस गाठींत पॅराबेन सापडल्याचा शोधनिबंध आला. तुलनेसाठी निरोगी ऊती तपासल्याच नव्हत्या, आणि पॅराबेनने कर्करोग होतो हे त्यातून सिद्ध होत नव्हतं. तरी भीती पसरली आणि ‘पॅराबेन-मुक्त’ हा विक्रीचा शिक्का झाला. पण पाणी असलेल्या क्रीमला परिरक्षक लागतोच, नाही तर तिच्यात जंतू आणि बुरशी वाढते. मेथिलआयसोथायाझोलिनोनचा वापर वाढला आणि युरोपात त्याच्या ॲलर्जीची लाट आली. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाहाच्या तज्ज्ञसंस्थेने २०१३ साली त्याला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवलं. धुऊन न टाकायच्या क्रीममध्ये त्यावर युरोपीय संघाने २०१७ पासून बंदी घातली. त्याच अमेरिकी संस्थेने २०१९ साली पॅराबेनला ‘वर्षाचा ॲलर्जी न करणारा पदार्थ’ म्हटलं. इतकं होऊनही दवाखान्यात रोज विचारलं जातं, “डॉक्टर, यात केमिकल नाही ना?” पाणीसुद्धा रसायनच आहे, हे सांगून सांगून थकायला होतं.

याहून घातक क्रीम वेगळ्याच असतात. ‘तेज येतं’ म्हणून रात्री लावल्या जाणाऱ्या कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. त्वचा पातळ होते, मुरुमं आणि चेहऱ्यावर केस येतात. २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, पण वापर संपलेला नाही. अकोल्याच्या एका कुटुंबातल्या तिघींचं मूत्रपिंड बिघडलं, तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासात त्यांच्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा निघाला.

तेव्हा डबीच्या दर्शनी भागापेक्षा मागची बारीक यादी वाचा. आपल्या नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने येतात आणि बाकीचे त्यानंतर, म्हणून परिरक्षक बहुधा शेवटच्या ओळींत सापडतो. अक्षरं दिसत नसतील तर घरातल्या शिकत्या मुलांकडून वाचून घ्या. कोरड्या त्वचेला साधी पेट्रोलियम जेली अंघोळीनंतर ओलसर अंगावर लावली तरी चालते. तिच्यात पाणी नसल्याने परिरक्षकाची गरज नसते. नवी क्रीम, ओळखीच्या कंपनीची असली तरी, आधी कोपराच्या खोबणीत दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहा. खाज किंवा लाली आली तर ती चेहऱ्याला लावू नका, आणि डॉक्टरकडे येताना डबीबरोबर तिचं खोकंही आणा.